आवाजाचं घर कुणाचं?

दोस्तांनो, वाचायला बसण्याआधी एक गंमत करून बघा. बाहेरच्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. मग बाथरूममध्ये जाऊन तशीच एक वाजवा. आणि मग गाद्या-रजया रचून ठेवलेल्या कोपऱ्यात तोंड घालून तिसरी. हात तेच, टाळी तीच, पण आवाज तीन तऱ्हेचे! बाथरूमच्या गुळगुळीत फरशांवर आवाज आपटतो आणि चेंडूसारखा परत परत येतो. गाद्यांमध्ये मात्र तो मुरून जातो, जणू गादीने गिळूनच टाकला. (आई विचारेल, हे काय चाललंय? तिला सांगा, विज्ञानाचा प्रयोग आहे. खोटं नाही ते.)

हे सगळं सुचलं माझ्या पुतणीमुळे. ती सातवीत आहे, इथे पनवेललाच राहते. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तिने मोबाइलवर एक गाणं रेकॉर्ड केलं आणि मोठ्या कौतुकाने मला ऐकवलं. गाणं छानच होतं, पण गाण्यात कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या, भंगारवाल्याची हाळी होती आणि शेजारचा जुना वाडा पाडत होते त्या यंत्राची घरघर तर पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"अगं, यासाठी स्टुडिओत जावं लागतं," मी म्हटलं.

"काका, आता स्टुडिओबिडिओ कशाला लागतो? नको असलेला आवाज अ‍ॅपमधून काढून टाकता येतो की!"

आता हिला काय सांगावं? तिचं म्हणणं काही अगदीच चूक नव्हतं. आणि तिच्यासारखंच मोठी माणसंही म्हणू लागली, म्हणूनच तर मोठमोठ्या स्टुडिओंवर वाईट दिवस आले. त्यातल्याच एकाची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. तो आहे कोल्हापुरात, त्याचं नाव जयप्रभा. पण आपण पनवेलहून निघू, कारण वाटेत आणखी दोन स्टुडिओ लागतात आणि त्यांची ओळख झाली, की तिसऱ्याची अडचण चटकन कळते.

पनवेलहून एक रस्ता खाली गोव्याकडे जातो आणि एक घाट चढून पुण्याकडे. आपण पुण्याची वाट धरू, तीही जुन्या रस्त्याने. अर्ध्या-पाऊण तासात चौक हे गाव येतं. इथून जवळच, कर्जतच्या बाजूला, कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभा केला. 'जोधा अकबर' सिनेमातला बादशाही महाल तुम्ही पाहिला असेल, तो आग्र्याचा नव्हे हं, इथला! 'राजा शिवछत्रपती' ही मालिकाही इथेच झाली. पण एवढा पसारा चालवायचा म्हणजे खर्च केवढा! कर्ज वाढत गेलं, आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये देसाई यांचं निधन झालं तेव्हा स्टुडिओचं पुढे काय, असा प्रश्न उभा राहिला. शेवटी राज्य सरकारच्या चित्रपट महामंडळाने तो हाती घेतला.

घाट चढून पुण्याला आलो. इथे प्रभात रस्त्याचं नाव ज्या कंपनीवरून पडलं, तिचा स्टुडिओ आहे. 'प्रभात' जन्मली १९२९ साली कोल्हापुरात आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आली. 'संत तुकाराम' हा तिचा १९३६चा चित्रपट पुढच्या वर्षी थेट इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. पण १९५०नंतर प्रभातही बंद पडली. मग काय, पाडला का स्टुडिओ? नाही! १९६० साली भारत सरकारने त्याच जागेत सिनेमा शिकवणारी संस्था सुरू केली. आज देशभरातून मुलं तिथे शिकायला येतात. प्रभातची मंडळी जिथे चित्रीकरण करत, तिथेच हे विद्यार्थी आपले चित्रपट काढतात. म्हणजे मालक गेले, कंपनी गेली, पण जागेतलं काम सुटलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सातारा, कराड मागे टाकत कोल्हापूर.

कोल्हापूर म्हटलं की तुम्हाला अंबाबाई आठवेल, कुस्ती आठवेल, तांबडा-पांढरा रस्सा तर आठवेलच. पण आपल्या मराठी सिनेमाचं आजोळ म्हणजेही कोल्हापूरच. बाबूराव पेंटर नावाच्या कलावंताने इथे स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा तयार केला. आधी पडदे रंगवणारा माणूस हा, यंत्रविद्येचं कॉलेज-बिलेज काही नाही! त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर या मंडळींनीच पुढे सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने प्रभात काढली.

तेव्हा सिनेमा मुका होता. १९३१ साली मुंबईत 'आलम आरा' निघाला आणि सिनेमा बोलू लागला. आणि बोलू लागल्याबरोबर एक नवीच पंचाईत झाली. कॅमेऱ्याला भिंतीपलीकडचं काही दिसत नाही, पण मायक्रोफोनला सगळं ऐकू येतं! 'आलम आरा'चा स्टुडिओ होता रेल्वेच्या रुळांजवळ. दिवसभर गाड्यांची खडखड. म्हणून ती मंडळी रात्री गाड्या बंद झाल्यावर चित्रीकरण करत. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नटाने अभिनय करायचा आणि त्याच वेळी स्वतः गायचंही. पेटीवाला, तबलजी बसायचे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे, कुठे सेटवरच्या झाडामागे, कुठे खांबाआड. चार मिनिटांचं गाणं रंगात यावं आणि नेमका शेवटच्या ओळीला बाहेर कावळा ओरडावा. झालं! पुन्हा पहिल्यापासून.

आणि हा आवाज साठवायचा कशावर? त्या वेळी टेप नव्हती. मायक्रोफोन आवाजाची वीज करायचा, ती वीज एका प्रकाशाच्या फटीला कमी-जास्त करायची, आणि तो प्रकाश सिनेमाच्या फिल्मच्या कडेला एक नागमोडी पट्टी उमटवायचा. आवाजाचा चक्क फोटोच! थिएटरात त्या पट्टीतून दिवा पाडला, की उलट दिशेने सगळं होऊन पुन्हा आवाज यायचा. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२च्या फेब्रुवारीत आला, तो प्रभातने कोल्हापुरात काढला होता. त्यात ध्वनीची बाजू सांभाळली होती दामले यांनी. वर्षा-दोन वर्षांपूर्वीपर्यंत मूकपट काढणारी माणसं ही, बोलपट काढता काढताच शिकली.

१९३३ साली प्रभात पुण्याला गेली आणि कोल्हापूर सुनंसुनं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या आश्रयाने गावातच नवा स्टुडिओ उभा राहिला, 'कोल्हापूर सिनेटोन'. नावातच बघा, सिनेमाही आहे आणि आवाजही! भालजी पेंढारकर यांनी १९३४ मध्ये सिनेटोनसाठी काढलेल्या चित्रपटाचं नाव होतं 'आकाशवाणी'. (रेडिओला हे नाव मिळण्याच्या आधीची गोष्ट आहे ही, बरं का.) दुसऱ्या वर्षी मास्टर विनायक यांनी 'विलासी ईश्वर' काढला. या विनायकरावांचं नाव मनात ठेवा.

पुढे १९४०नंतरच्या काळात हा स्टुडिओ भालजींनी घेतला आणि त्याचं नाव झालं जयप्रभा.

भालजी म्हणजे शिस्तीचा आणि जिद्दीचा माणूस. शिवाजी महाराजांवर, मराठी मातीवर त्यांनी आयुष्यभर चित्रपट काढले. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांढरे बंधू, सुलोचनादीदी अशी कितीतरी माणसं त्यांच्या हाताखाली घडली. दादा कोंडके पडद्यावर पहिल्यांदा आले तेही भालजींच्याच 'तांबडी माती'मधून, १९६९ साली. आणि 'वाल्मीकी' या त्यांच्या १९४६च्या चित्रपटात नारद कोण होता, ठाऊक आहे? राज कपूर! वीस-एकवीस वर्षांचा कोवळा पोरगा होता तो. दोनच वर्षांनी त्याने स्वतःची आर. के. फिल्म्स काढली आणि पुढे चेंबूरला आर. के. स्टुडिओ उभारला. तो स्टुडिओ २०१७ साली आगीत सापडला आणि २०१९ मध्ये घरं बांधणाऱ्या कंपनीला विकला गेला.

आगीवरून आठवलं. जयप्रभानेही एक आग पाहिली आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी जाळपोळ झाली, काहीही संबंध नसलेल्या माणसांची घरं जाळली गेली. त्यात हा स्टुडिओही जळाला. त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. ती एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या आतच असतो! भालजींचा 'मीठ भाकर' तयार होता, त्याची फिल्म या आगीत गेली. वर्ष-दीड वर्षाची मेहनत घटकेत राख.

तुम्ही गृहपाठाची वही हरवली म्हणून किती रडता? भालजींनी कर्ज काढलं, स्टुडिओ पुन्हा उभा केला, आणि 'मीठ भाकर' सगळाच्या सगळा पुन्हा चित्रित केला. १९४९ साली तो लोकांनी पाहिलासुद्धा.

पण कर्ज ते कर्जच. ते फिटेना. शेवटी स्टुडिओ हातचा जाण्याची वेळ आली.

आता ते विनायकराव आठवा. १९४२ साली मास्टर दीनानाथ मंगेशकर वारले. थोरली मुलगी लता होती अवघी बारा वर्षांची, तिच्या पाठीवर चार भावंडं. घर चालवायचं कुणी? तेव्हा विनायकरावांनी मदतीचा हात दिला. त्यांच्या कंपनीत काम करायला लता कोल्हापूरला आली. म्हणजे तुमच्या वयाची मुलगी तोंडाला रंग लावून सिनेमात छोटी छोटी कामं करत होती. तिला ते आवडायचं नाही, गायचं होतं तिला. तिने 'किती हसाल' या चित्रपटासाठी गायलेलं अगदी पहिलं गाणं तर चित्रपटात घेतलंच नव्हतं! १९४५ मध्ये ती मुंबईला गेली, आणि पुढचं तुम्हाला सांगायला नको.

ती कोल्हापूर विसरली नाही. भालजींना ती 'बाबा' म्हणे. १९५९च्या सुमारास जयप्रभा स्टुडिओ लताबाईंनी घेतला, आणि भालजी पूर्वीसारखेच तिथे चित्रपट काढत राहिले. एवढंच नाही, त्यांच्या चित्रपटांना 'आनंदघन' या नावाचे एक संगीतकार चाली देऊ लागले. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं'. हे आनंदघन कोण, हे पुष्कळांना माहीत नव्हतं. १९६५च्या 'साधी माणसं'ला राज्य शासनाचा संगीताचा पुरस्कार मिळाला तेव्हा उलगडा झाला. आनंदघन म्हणजे स्वतः लता मंगेशकर! तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना या चित्रपटांतलं एखादं तरी गाणं येतच असेल. म्हणायला लावा.

भालजींना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९९४ साली ते गेले. तोवर सिनेमाची रीतच बदलली होती. गाणी मुंबईत ध्वनिमुद्रित होऊ लागली, चित्रीकरणं खऱ्या वाड्यांत, खऱ्या शेतांत होऊ लागली. मग संगणक आला. पूर्वी गाणं करायचं तर साठ-सत्तर वादक एका मोठ्या दालनात बसत आणि गायकासकट सगळे एकाच वेळी वाजवत. एक व्हायोलिन चुकलं की सगळ्यांनी पुन्हा. आता सोमवारी तबला, मंगळवारी बासरी, बुधवारी गायक, आणि सगळं एका छोट्या खोलीत. एवढं मोठं दालन हवं कुणाला? पण त्या मोठ्या दालनात आवाज जसा फिरतो, तसा तो छोट्या खोलीत फिरत नाही. सुरुवातीची टाळी आठवतेय ना?

जयप्रभाची जागा मूळची तेरा एकर. त्यातल्या बऱ्याच भागावर पुढे इमारती झाल्या. उरली चार एकरांहूनही कमी. २०१२च्या सुमारास तीही विकली जाणार अशी बातमी आली आणि कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले. महापालिकेच्या वारसा यादीत स्टुडिओचं नाव होतं, वाद कोर्टात गेला. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कळलं, की स्टुडिओ २०२० सालीच विकला गेला आहे! कोल्हापुरात एकच खळबळ. चित्रपटातली माणसं, तंत्रज्ञ, गावकरी स्टुडिओसमोर उपोषणाला बसले. सरकारने जागा ताब्यात घ्यावी, इथे चित्रीकरणच व्हावं, दुसरं काही नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथे जरा थांबू या, कारण ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

माझ्या पुतणीने पटकन विचारलं, "पण काका, घर त्यांचं होतं ना? मग त्यांनी विकलं तर लोकांनी का ओरडायचं?"

प्रश्न रास्त आहे. ज्याच्या नावावर जागा, त्याला कर भरावा लागतो, गळकं छप्पर दुरुस्त करावं लागतं, राखणदाराला पगार द्यावा लागतो. गावाने नुसतं 'आमचा वारसा, आमचा वारसा' म्हणायचं आणि एक पैसा द्यायचा नाही, हे काही बरोबर नाही. आपल्या पनवेलमध्ये बघा. जुने वाडे एकेक करून चालले. विमानतळ आला, जमिनीचे भाव गगनाला भिडले. वाड्याचा फोटो काढून 'किती सुंदर!' म्हणणारे शेकडो, पण त्या वाड्याचे वासे वाळवीने खाल्ले तर बदलायचे कुणी?

पण दुसरी बाजूही ऐका. स्टुडिओ हे नुसतं कुणाचं राहतं घर नसतं. कोल्हापुरात सुतार, रंगारी, शिंपी, दिवे धरणारे, मेकअप करणारे अशा कित्येक घरांची चूल या कामावर पेटली. शालिनी स्टुडिओ हा कोल्हापूरचा दुसरा जुना स्टुडिओ, तिथे प्लॉट पडले. एक गेल्यावर दुसऱ्यासाठी लोक जिवाच्या आकांताने भांडणार नाहीत तर काय! बरं, गावाबाहेर मोरेवाडीला सरकारची चित्रनगरी आहे, तिथे मालिकांचं काम चालतं. म्हणजे कोल्हापुरात चित्रीकरण संपलंय असं मुळीच नाही. पण जिथे 'मीठ भाकर' राखेतून दुसऱ्यांदा उभा राहिला, ती जागा एकच आहे.

अशी भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं समजू नका. लंडनला अ‍ॅबी रोड नावाचा रस्ता आहे. तिथला ध्वनिमुद्रण स्टुडिओ १९३१च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, म्हणजे आपला 'अयोध्येचा राजा' पडद्यावर येण्याच्या अवघे तीन महिने आधी! बीटल्स नावाच्या चार तरुणांची बहुतेक गाणी तिथेच ध्वनिमुद्रित झाली. या स्टुडिओत काही खास खोल्या होत्या. रिकाम्या, टणक भिंतींच्या. गायकाचा आवाज तिथे कर्ण्यातून सोडायचा, भिंतींवर घुमू द्यायचा आणि घुमलेला आवाज दुसऱ्या मायक्रोफोनने पुन्हा उचलायचा. तुमचं बाथरूमच की ते!

२०१० साली बातमी पसरली, की कर्जात बुडालेली मालक कंपनी हा स्टुडिओ विकणार. इंग्लंडभर आरडाओरडा झाला. सरकारने लगेच त्या इमारतीला वारसा म्हणून संरक्षण दिलं. आता तुम्ही म्हणाल, जयप्रभालाही वारसा यादीत घेतलं होतं, मग फरक काय? फरक हा, की अ‍ॅबी रोडला काम होतं. सिनेमाचं संगीत वाजवायला शंभर वादक एकत्र बसवायचे तर तेवढं मोठं दालन लागतंच, ते मोबाइलमध्ये मावत नाही. वारसा यादीने भिंत पाडायची थांबते, पण त्या भिंतीआड दिवा लावायला काम लागतं. आपल्या वाटेवरच्या पुण्याच्या प्रभातला ते विद्यार्थ्यांनी दिलं. जयप्रभासाठी उपोषणाला बसलेली माणसं 'इथे चित्रीकरणच व्हावं' असं म्हणत होती, त्यांना हे बरोबर कळलं होतं असं मला वाटतं. नुसता पुतळा आणि फलक त्यांनी मागितला नव्हता.

कोल्हापूरला जाल तेव्हा अंबाबाईच्या देवळाबरोबर जयप्रभाही बाहेरून तरी बघून या. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की पुरे, पत्ता विचारावा लागत नाही. म्हाताऱ्या रिक्षावाल्याला गाठलंत तर आणखी चांगलं. भालजींच्या चित्रपटात गर्दीत उभं राहिल्याची एखादी आठवण वाटेत फुकटात ऐकायला मिळेल.

माझ्या पुतणीने काय केलं, सांगायचं राहिलंच. तिने घरातल्या सगळ्या गाद्या आतल्या खोलीत उभ्या केल्या, दाराला रजई टांगली, कुकर लावायला आईला मनाई केली, आणि गाणं पुन्हा म्हटलं. या वेळी शिट्ट्या नव्हत्या, भंगारवालाही नव्हता. वाडा पाडणारं यंत्र मात्र बारीक का होईना, ऐकू येतच होतं. "काका, हे कधी थांबणार?" ती वैतागून म्हणाली. मी खिडकीतून बघितलं. मागची एक भिंत तेवढी उरली होती. म्हटलं, उद्यापर्यंत.